अंगठ्याचा क्लास

घरात कमी बोलणारं एक माणूस असलं की बाकीच्यांची मोठी सोय होते. ज्याला जे सांगायचंय ते तो येऊन त्या माणसाजवळ ठेवून जातो. आमच्या घरात ते माणूस म्हणजे मी. लग्नाला अजून वर्ष झालं नाही, पण किस्से एवढे साठलेत की आता कुठं ठेवायचे हा प्रश्न आहे. म्हणून म्हटलं, लिहून टाकावेत.

आधी घर सांगते. अंबाजोगाईत आमचं भांड्यांचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर, स्वयंपाकघराच्या दाराशी जिना आणि जिन्यावर दुकानाच्या बरोबर वर एक लांबट खोली. त्या खोलीत माझा नवरा मन्मथ बेस गिटार शिकवतो. (घरात मी त्याला 'अहो' म्हणते. लिहिताना नाव घ्यायला उखाणा लागत नाही, हा लिहिण्याचा फायदा!) बेस म्हणजे चार जाड तारांची, घुमणाऱ्या आवाजाची गिटार. ती वाजवायचा एक प्रकार आहे, स्लॅप. त्यात तार छेडत नाहीत. अंगठ्याच्या कडेच्या हाडानं तिला टोला हाणतात आणि दुसऱ्या बोटानं बारीक तार उपटतात. मन्मथ पुण्यात काही वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवत होता. तिथून तो परत आला तो हा अंगठा घेऊनच.

वर जाणारा प्रत्येक जण माझ्या दारावरून जातो, आणि खाली येताना काहीतरी सांगून जातो.

*

पहिला किस्सा मात्र माझ्याच घरचा. माझं माहेर उमापूरचं. बघण्याच्या कार्यक्रमात माझ्या काकांनी विचारलं, "मुलगा काय करतोय?"

माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते, घाईघाईनं म्हणाले, "दुकान हाय आमचं भांड्यांचं."

"ते कळलं. मुलगा?"

मन्मथ म्हणाला, "मी बेस शिकवतो."

काकांचा चेहरा उजळला! त्यांची दोन्ही मुलं बारावीला गणितात आपटलेली. "हे लई बेस झालं! आजकालच्या पोरांचा बेसच कच्चा असतोय. कितवीपासून घेता?"

"वयाची अट नाही."

"व्वा! आन् भर कशावर असतोय?"

"अंगठ्यावर."

काका जरा थांबले. मग उठून आत आले आणि माझ्या आईला हळूच म्हणाले, "वहिनी, स्थळ सोडू नका. पोरगं अंगठेबहाद्दरांना शिकवतंय. म्हातारीकोतारी धरून! आजच्या काळात कोन करतंय?"

मला तेवढ्यात कळलं होतं. चहाचा कप घेताना त्याच्या उजव्या अंगठ्याच्या कडेला मोठा घट्टा दिसला होता. खडूनं तिथं घट्टा पडत नाही. पण मी बोलले नाही. असं आमचं लग्न प्रौढ साक्षरतेवर ठरलं!

*

काकांना तरी कशाला हसावं! आमच्या जिन्याच्या तोंडाशी पाटीच अशी आहे: 'मन्मथ बेस क्लासेस'. महिन्यातून एक तरी बाप दहावीतलं पोरगं पुढं घालून येतो. "गणिताचा बेस करून द्या सर, सायन्सचं नंतर बघू."

बहुतेक जण गिटार बघून परत जातात. सिरसाळ्याचे एक काका मात्र जिना चढलेच नाहीत. त्यांचं तिकडं बी-बियाण्यांचं दुकान आहे. मुलगा वैभव अकरावीला इथं खोली करून राहतो. दुकानासमोर गाडी चालूच ठेवून ते मन्मथला म्हणाले, "बेस कच्चा हाय पोराचा. पक्का करा."

मन्मथ म्हणाला, "आधी अंगठा बघू."

त्यानं वैभवचा अंगठा हातात घेतला, मागं वाकवून बघितला, पेराचं हाड चाचपलं. "जमेल."

काका थक्क! "अंगठ्यावरनं कळतंय?"

"लगेच कळतं."

त्यांनी सिरसाळ्याला जाऊन गावभर सांगितलं, की अंबाजोगाईला एक सर हायत, अंगठा बघून बुद्धी सांगतात.

वैभवला खरा प्रकार वर गेल्यावर कळला. तास संपल्यावर तो डोळे चमकवत जिना उतरला आणि माझ्या दाराशी थांबला. "वहिनी, आमच्या बापाला बोलू नका बरं का."

'बोलू नका' हे मला सांगावं लागलं, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

*

आता घरातली बोलण्याची पद्धत. मन्मथ पुणे सोडून आला, पण दुकानात न बसता वरच्या खोलीत जाऊन बसला, तेव्हापासून मामा त्याच्याशी थेट बोलत नाहीत. भांडण नाही. जेवायला समोरासमोर बसतात. पण बोलणं तिसऱ्यामार्फत. आधी हे काम सासूबाईंकडं होतं, त्यांना मी आत्याबाई म्हणते. लग्नानंतर आठवड्याभरात त्यांनी चार्ज माझ्याकडं दिला.

"सूनबाई, त्याला सांगा, गाडीत हवा भरून आणायची."

तो समोरच, हातात घास.

मी म्हणते, "अहो, गाडीत हवा."

"हो म्हणावं."

"हो म्हणताहेत."

मामा म्हणतात, "ऐकू आलं."

मामांचं म्हणणं साधं आहे. "आमच्या बापानं जल्मभर अंगठा दिला. आमाला सही शिकवली. आन् पोरगं पुन्यात शिकून परत अंगठ्यावर आलं!"

श्रावणात एकदा जेवता जेवता निरोप आला. "त्याला सांगा, दिवाळी झाली की वरची खोली रिकामी पायजे. लग्नसराईचा माल येतोय, ठेवायला जागा न्हाई. रॅक सांगितलेत."

मी मन्मथकडं बघितलं. या वेळी 'हो म्हणावं' आलं नाही. तो नुसता भाकरीचा तुकडा मोडत राहिला.

भाड्यानं खोली शोधून झाली. सगळीकडं तीच बोलणी. "कशाचा क्लास?" "गिटारचा." "आवाज येतोय का?" "येतो." संपलं! म्हणजे खोली गेली की क्लास गेला. आणि क्लास गेला की मन्मथ परत पुण्याला, कुणाच्या तरी मागं अंधारात उभं राहून वाजवायला. त्याला ते नको होतं. मलाही नको होतं. माझं इथं बरं चाललंय.

पुढचे किस्से घडत होते ते असे, डोक्यावर रॅक घेऊन.

*

देशमाने सर शाळेत मराठी शिकवतात आणि आमच्याकडं बेस शिकतात. वय पन्नाशीच्या पुढं, उत्साह वैभवपेक्षा जास्त. त्यांची अडचण एकच. अंगठा तारेवर पडला की तिथंच बसायचा. जेवणाच्या वेळी आलेल्या पाहुण्यासारखा. मग तार घुमायची नाही. नुसतं 'थप्प'.

मन्मथ सांगून सांगून दमला. "सर, मारायचं आणि निघायचं. बाउन्स, बाउन्स!"

"निघतोच आहे हो मी."

थप्प.

मी चहा घेऊन वर गेले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "तव्यावर राहील का हात?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मन्मथनं गिटार भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "चला खाली."

आत्याबाई भाकऱ्या करत होत्या. दारात वर्गच्या वर्ग उभा! देशमाने सर पुढं, चष्मा सरसावून.

"काय बघताव?"

"तुमचा हात," सर म्हणाले.

"माझा हात कावून?"

"भाजत कसा नाही?"

"ठिवला तर भाजंल. ठिवतंय कोन?" असं म्हणत त्यांनी भाकरी उलटली. हात कधी गेला, कधी आला, कुणाला दिसला नाही.

"मी एक करून बघू का?" सरांनी विचारलं. आत्याबाई 'नको, नको' म्हणेपर्यंत त्यांनी भाकरीला हात घातलासुद्धा. भाकरी उलटली नाही. सर उलटले!

त्या दिवसापासून सरांचा अंगठा तारेवर टेकत नाही. पहिला आठवडा तर तो तारेजवळही गेला नाही.

आत्याबाईंनी सगळ्यांना तिथंच पिठलं-भाकरी वाढली आणि मला म्हणाल्या, "नवऱ्याला सांग, शिकव बाबा. पर उद्यापास्नं जेवनाच्या टायमाला अंगठा नको."

*

मन्मथनं 'थम्ब' आणि 'पॉप' हे शब्द सोडून दिले. त्यांचं मराठी त्यानं केलं: अंगठ्यानं टोला म्हणजे 'हाण' आणि बोटानं तार ओढणं म्हणजे 'उपट'. मुलांना एकदम कळायला लागलं.

एकदा खिडकी उघडी राहिली. बाजाराचा दिवस. रस्त्यावर गर्दी. वरून मन्मथचा आवाज: "हाण! हाण! उपट! अरे जोरात हाण, भितोस काय! वैभव, तू उपट! मुळापासून उपट!"

समोर रफीकभाईंचं टेलरिंगचं दुकान आहे. ते कापड मोजायचा लोखंडी गज हातात घेऊनच धावले. मागं दोन गिऱ्हाइकं, एकाच्या अंगावर अर्धवट शिवलेला कुर्ता. माझ्या दारावरून धाडधाड जिना चढून गेले. मी सांगणार होते, पण माझं वाक्य सुरू होईपर्यंत ते वर पोचलेही.

"किसकू मारताय रे? छोडो उसकू!"

वैभव घाबरून म्हणाला, "तारेला."

"मारके बता."

वैभवनं मारून दाखवलं. रफीकभाई गज टेकवून बघत राहिले. देशमाने सरांचंही बघितलं. मग तोंड वाकडं करून म्हणाले, "इत्ता हौले? इसके वास्ते मै चालू मशीन छोडके आया?"

आता ते रस्त्यावरूनच ओरडून विचारतात, "सर, आज कुछ उखड्या क्या?"

*

वैभव रविवारी घरी गेला की घरचं रेशन आणायला त्यालाच पाठवतात. एका सोमवारी तो तोंड पाडून आला.

"वहिनी, मशीननं मला वळखलं न्हाई."

झालं असं, की त्यानं मशीनवर अंगठा ठेवला. मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. पुसून ठेवला. पुन्हा प्रयत्न करा. मागं सगळी लाइन. दुकानदारानं अंगठा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "कुनाचा अंगठा आनलास बे?"

"माझाच हाय."

"मशीन न्हाई म्हणतंय."

मन्मथनं अंगठा बघितला. टोकाची सगळी कातडी सोलवटलेली, ठशाच्या रेघा गायब! तो ओरडलाच. "हाडानं मारायचं सांगितलं होतं ना? तू गादीनं मारतोस! महिनाभर मला फसवलंस, मशीनला फसवता आलं नाही!"

तेव्हापासून नव्या विद्यार्थ्याला तो महिन्यानं एकच प्रश्न विचारतो: "रेशन मिळालं का?" मिळालं असेल तर अंगठा बरोबर पडतोय.

एका मुलाची आई हे ऐकून बावरली. जिना उतरून मला विचारते, "ताई, हे क्लासचं खरं हाय का सरकारी योजना हाय?"

*

ऑक्टोबरात वैभवच्या वडिलांनी घटक चाचणीचा निकाल बघितला. गणितात पास व्हायलासुद्धा मार्क उसने आणावे लागले असते. ते सिरसाळ्याहून तडक आमच्या दुकानात. वैभव खाली आला, मागं मन्मथ. मामा गादीवर, हातात फडकं, पातेलं पुसत. मी आतल्या दाराच्या पडद्याआड.

"सर, तुमी अंगठा बघून जमंल म्हनलाव!"

"अंगठा चांगलाच आहे त्याचा," मन्मथ म्हणाला.

"अंगठ्याला काय करू? गणिताचं काय?" मग ते पोराकडं वळले. "आन् तू! एवढे महिने हितं येऊन काय उपटलंस बे?"

वैभव गोष्ट लपवतो, पण विचारलं तर खोटं बोलत नाही. तो मान खाली घालून म्हणाला, "पहिली तार."

 मग मामांच्या बाजूनं खोकल्यासारखा काहीतरी आवाज आला. त्यांनी फडकं तोंडावर धरलं होतं आणि खांदे हलत होते.

"कसली तार?"

शेवटी त्यांना वर नेलं. पाटी वाचून महिने लोटले होते, जिना आज चढले. वैभवनं गिटार गळ्यात अडकवली आणि डोळे मिटून सुरू केलं. हाण, हाण, उपट. हाण, उपट. खाली दुकानात उभी गिऱ्हाइकं वर बघायला लागली. वैभवचे वडील हात मागं बांधून पूर्ण ऐकत राहिले.

वाजवणं थांबल्यावर ते पुढं झाले आणि एक तार बोटानं दाबून बघितली. मग म्हणाले, "ह्याला गणित लागत न्हाई का?"

मन्मथ म्हणाला, "लागतं की. मनात सारखं मोजावं लागतं. एक, दोन, तीन, चार. परत एक."

"चारापर्यंत येतंय म्हना त्याला," ते म्हणाले. "चालू द्या. गणिताला मी दुसरीकडं घालतो."

जाताना दुकानात थांबून मामांना म्हणाले, "पोरगं चांगलं शिकवतंय तुमचं."

मामा म्हणाले, "पातेलं बघता का? नवीन माल हाय."

*

आमच्याकडं एक डॉक्टर येतो. म्हणजे मेडिकल कॉलेजात इंटर्नशिप करतो, पण सगळे त्याला डॉक्टरच म्हणतात. ड्यूटी संपली की थेट येतो आणि अर्धवट झोपेत सगळ्यात जाड तारेवर एकच टोला मारत बसतो. त्यानं बरं वाटतं म्हणतो.

मामांच्या गादीमागं खिळ्याला मोठी पितळी परात टांगलेली असते. डॉक्टरनं वर ती तार मोकळी हाणली, की खाली परात आपोआप म्हणायची, "झूंऽऽ". बाकी कुठल्या सुराला नाही, तेवढ्या एकालाच! मामांनी आधी उंदीर शोधला. मग भूकंपाची बातमी आहे का बघितलं. मग त्यांची नजर छताकडं गेली.

"सूनबाई, त्याला सांगा, तेवढा एक सूर बंद."

मी वर गेले. "एक सूर बंद करायचाय म्हणे."

"कुठला?"

"तो... झूं."

"झूं म्हणजे कुठला?"

शेवटी मला जिन्याच्या मधल्या पायरीवर उभं केलं. वर एकेक सूर वाजणार, मी खाली परातीकडं बघायचं आणि सांगायचं. पहिला, काही नाही. दुसरा, काही नाही. मग झूंऽऽ! मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "हा! हा! हाच नको!"

रस्ता थांबला. रफीकभाईंचं मशीन थांबलं. आत्याबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आगं बया! सूनबाईला आवाज हाय म्हनायचा!"

तो सूर बंद झाला. मुलांना तो गाळून वाजवायची इतकी सवय लागली, की देशमाने सरांच्या शाळेत कार्यक्रम झाला तिथंही सगळे त्या जागेवर आपोआप गप्प. मुख्याध्यापकांनी भाषणात सांगितलं, "वादन उत्तम होतंच, पण मधली मधली शांतता विशेष भावली."

एकदा डॉक्टर विसरला. खाली नेमक्या एक मावशी लेकीच्या रुखवतासाठी परात बघत होत्या, भाव पटत नव्हता, उठायच्या बेतात होत्या. परात म्हणाली, झूंऽऽ. मावशींनी बसल्या जागी हात जोडले. "हात न लावता बोलली! चोख हाय बगा. हीच द्या!"

मामांनी त्या खिळ्यावर दुसरी परात अडकवली. रात्री जेवताना त्यांनी ताक मागून घेतलं. मग म्हणाले, "त्याला सांगा, तो सूर अगदीच बंद नको. गिऱ्हाईक बघून."

*

पण रॅकचं ठरलेलं होतं, ते काही बदललं नाही. वेल्डिंगवाला येऊन वरच्या भिंतींची मापं घेऊन गेला. चालू तासात! टेप मुलांच्या डोक्यावरून गेली, आणि डॉक्टरनं झोपेत तिचं टोक धरून दिलं.

आमचा दिवाळसण होता. उमापूरला निघायच्या आधी मन्मथनं वरच्या सगळ्या वायरी गुंडाळून खोक्यात भरल्या. "आल्यावर घाई नको," म्हणाला. मुलांना सांगितलं, पुढचं कळवतो. वैभव 'बरं' म्हणाला आणि पाया पडला. मन्मथला पाया पडलेलं आवडत नाही, पण त्या दिवशी त्यानं पडू दिलं.

उमापूरला त्याचं कशात लक्ष नव्हतं. बसल्या बसल्या त्याचा अंगठा गुडघ्यावर पडत राही. हाण, हाण, उपट. माझ्या आईला वाटलं, जावयाचा गुडघा दुखतोय. तिनं रोज तेल कोमट करून दिलं. त्यानंही निमूटपणे लावून घेतलं. एकदा मला म्हणाला, "पुण्यात खोली बघायला लागेल. तू येशील ना?" मी म्हटलं, "येईन." मग त्यानं तेलाची वाटी ओढली आणि न दुखणारा गुडघा चोळायला घेतला. 

भाऊबीज करून परत आलो. दुकानासमोर रिकामा टेम्पो उभा. म्हणजे माल उतरला होता. मन्मथ पिशव्या तिथंच टाकून जिना चढला. मी मागं.

वर खोली होती तशीच. खोकं जिथल्या तिथं. रॅक नाही, टोप नाही, डबा नाही. फक्त कुणीतरी झाडून घेतलं होतं.

खाली आलो. मामा-आत्याबाईंच्या झोपायच्या खोलीचं दार उघडं होतं. तिन्ही भिंतींना छतापर्यंत रॅक! डबे, टोप, घागरी, कळशा. मधोमध पलंग, जेमतेम मावलेला. पलंगावर आत्याबाई वाती वळत बसल्या होत्या, डोक्यावर बादल्यांची उतरंड.

"आत्याबाई, हे काय?"

"मला इचारू नको. कूस बदलली की कळशी वाजतीय. त्यांनाच इचार."

मी दुकानात गेले. मन्मथ माझ्या मागं येऊन उभा राहिला. मामा गिऱ्हाइकात होते. एक ताई स्टीलचा डबा हातात फिरवून फिरवून बघत होत्या. मामांनी आमच्याकडं मान वळवली नाही.

"सूनबाई, त्याला सांगा, वरच्या खोलीला ओल हाय. स्टीलला ओल चालत न्हाई. गंजतंय."

मी वळले. "अहो, वर ओल आहे. स्टील गंजतं म्हणे."

मन्मथ म्हणाला, "बरं म्हणावं."

"बरं म्हणताहेत."

"ऐकू आलं," मामा म्हणाले. मग ताईंच्या हातातला डबा त्यांनी घेतला, फडक्यानं एकदा पुसला आणि परत त्यांच्या हातात दिला.

"डोळे झाकून न्या ताई. आडात टाका. धा वर्सानं काढा. गंजला तर माझं नाव बदला!"